फोटोची मागची बाजू

हे पुस्तक ज्या फोटोपासून सुरू झालं तो पोस्टकार्डाएवढा आहे. काळा-पांढरा, कडा नक्षीदार कातरलेल्या, डाव्या कोपऱ्यात गळक्या धाब्याच्या पाण्याचा तपकिरी डाग. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या आजोळचं अंगण. निंबाच्या सावलीत सतरंजी अंथरलेली. मधे लाकडी खुर्चीवर आजोबा, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी आजी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, मांडीवर धाकटा मामा. मागे मोठी माणसं उभी, पुढे मांडी घालून पोरं. पोरांचे शर्ट आणि पोरींचे फ्रॉक सगळे एकाच ताग्यातले, बारीक चौकडीचे. मोठी मावशी तेवढी परकर-पोलक्यात. आणि उजव्या कडेला, सतरंजीच्या बाहेर, आणखी एक मुलगी उभी आहे. फ्रॉक तोच, चौकडीचा. पण तिचा चेहरा हललाय. डोळ्यांच्या जागी करडे फराटे. बाकी सगळे खांबासारखे स्थिर, ही एकटी हललेली.

फोटोच्या मागे स्टुडिओचा पुसट शिक्का आणि पेन्सिलीनं टाकलेला एक नंबर. नाव नाही, तारीख नाही.

तारीख आम्ही काढली. धाकटा मामा १९६२ च्या पावसाळ्यातला. फोटोत तो मान सावरून ताठ बसलाय, म्हणजे आठ-नऊ महिन्यांचा. निंबाच्या फांदीवरून झोक्याचा दोर लोंबतोय, म्हणजे आखाजी, आमची अक्षय्य तृतीया. तेव्हा ही १९६३ ची आखाजी. पुढच्या रांगेत अंगठा चोखणारी तीन वर्षांची पोर म्हणजे माझी आई. एकेक करत बाकीचेही सापडले. हललेली मुलगी मात्र कोणालाच ओळखू येईना. आई म्हणाली, असेल कोणी आलेली-गेलेली. मामा म्हणाला, फोटोच बिघडलाय तिथं, काय शोधतेस.

मला ते सोडवेना. एका घराचा एक फोटो, साठ वर्षांपूर्वीचा, आणि त्यातलं एक माणूस आत्ताच अनोळखी झालेलं. आणखी वीस वर्षांनी त्यातलं कोणीच ओळखीचं उरणार नाही. कागद शाबूत राहील, माणसं जातील. फोटो जपणं म्हणजे कागद जपणं असं मी तोवर धरून चालले होते. गोदरेजच्या कपाटात ठेवला की झालं. पण कपाटात नीट राहिलेला आणि नाव हरवलेला फोटो कोणाचा असतो? भंगारात जुन्या अल्बमची पानं मी पाहिली आहेत. बाळं, नवऱ्या, शाळेतले गट, सगळे चेहरे लख्ख, आणि कोणाचं कोणी नाही.

म्हणून हे पुस्तक. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या घरांतून मिळालेले फोटो, आणि प्रत्येकाखाली त्या घरातल्या कोणीतरी सांगितलेला मजकूर. जिथं सांगणारं कोणी मिळालं नाही तो फोटो, कितीही देखणा असला तरी, इथं घेतलेला नाही. काही सुंदर फोटो त्यामुळे गळाले, याची मला चुटपुट आहे. पण हे पुस्तक देखण्या फोटोंचं नाही.

सांगणाऱ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं जवळ बसून लिहून घ्यायचं, ही आमच्या खानदेशाला नवी गोष्ट नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अठरा रविवार, अठरा अध्याय. गुरुजींचा हात तिथं नसता तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती नसतं. आसोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचेल तसं त्या म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते वहीत टिपलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. ती वही नसती तर जळगावच्या एका घरात म्हातारी काहीबाही गुणगुणायची, एवढीच आठवण उरली असती, आणि तीही दोन पिढ्या.

आणि धुळ्यात तर राजवाडे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड या माणसानं छापले. ते कागद त्यांना कुठे मिळाले? राजदरबारात थोडेच. ते मिळाले लोकांच्या माळ्यांवर, देवघरांच्या फडताळांत, उधईनं अर्ध्या खाल्लेल्या रुमालांत. घरच्यांना त्याचं काही नव्हतं. आजोबांचे जुने कागद, उगाच जागा अडवून बसलेत. राजवाड्यांनी उंबरे झिजवले, मिनतवाऱ्या केल्या, भांडले. त्याच धुळ्यात नानासाहेब देवांनी रामदासी मठामठांतली हस्तलिखितं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. धुळ्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला या दोन्ही वास्तू शाळेच्या वाटेवरच्या. पण आपल्या घरचा अल्बम हेही दफ्तरच आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

खानदेशातल्या जुन्या घरात फोटोची जागा ठरलेली असायची. ओसरीवरून आत जाणाऱ्या दाराच्या वर, तुळईच्या खाली, एका ओळीत. चौकट खाली दोन खिळ्यांवर टेकलेली आणि वरून दोरीनं पुढे झुकवलेली, म्हणजे खालून बघणाऱ्याला काचेवर उजेड चमकू नये. फोटो आणि भिंत यांच्यामध्ये त्यामुळे तिरकी पोकळी राहायची आणि त्यात चिमण्या घरटी करायच्या. पणजोबांच्या मागून काड्या गळायच्या, पिल्लं चिवचिवायची, आणि आजी केरसुणी घेऊन खालचं झाडायची, पण घरट्याला हात लावू द्यायची नाही. आता चिमण्याही गेल्या आणि धाबीही. मातीचं धाबं काढून स्लॅब टाकताना भिंतीवरचं सगळं पोत्यात भरलं जातं आणि नव्या घरात एलईडी टीव्हीच्या वर त्याला जागा नसते. ते पोतं गोठ्यात जातं. या पुस्तकातले कितीतरी फोटो गोठ्यातल्या पोत्यांतून आलेले आहेत.

भिंतीवर कोण असायचं? बहुतेक गेलेली माणसं. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही भीती आपल्याकडे बराच काळ होती. त्यामुळे कित्येकांचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो एकच, आणि तो ते गेल्यावर काढलेला. तिरडी बांधायच्या आधी माणूस पाठवून फोटोग्राफरला बोलवायचं, देहाला खुर्चीत टेकवून बसवायचं, डोक्याला फेटा. पुढे स्टुडिओत ब्रशनं मिटलेले डोळे उघडे रंगवले जायचे. अशा फोटोतली नजर लगेच ओळखू येते. ती कुठेच बघत नसते. ज्यांचा तसाही फोटो नाही, त्यांचा चेहरा एखाद्या वरातीच्या गर्दीतून उचलायचा, मोठा करायचा, खाली दुसऱ्याच कोणाचा तरी कोट जोडायचा. नवरा-बायकोचे जोडफोटोही असेच. पाचोरा तालुक्यातल्या एका घरात पणजोबा-पणजी शेजारी शेजारी बसलेले आहेत. प्रत्यक्षात पणजी गेली तेव्हा तिशीची होती आणि पणजोबांचा फोटो सत्तरीतला. पणती म्हणाली, आम्हाला लहानपणी वाटायचं, पणजीचं लग्न म्हाताऱ्याशी लावलं. त्या घरात एकदा कोणीतरी फोटोच्या मागे दोन ओळी लिहिल्या असत्या तर दोन पिढ्यांचा गैरसमज टळला असता.

मुलांच्या वाट्याला कॅमेरा यायचा तो जाऊळ काढताना, नाहीतर यात्रेत. यात्रेत कापडी तंबूचा स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, पुठ्ठ्याचा चंद्र, पुठ्ठ्याची मोटार. चंद्रावर बसलेली भावंडं खानदेशात घराघरात आहेत. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री कॅमेरा एखाद्या शिक्षक मामाकडे किंवा रेल्वेत नोकरीला असलेल्या भुसावळच्या काकांकडे असायचा. रोलमध्ये बारा फोटो. बारा संपल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, त्यामुळे एकाच रोलमध्ये आखाजी, पोळा आणि दिवाळी. त्या काटकसरीमुळे एक झालं: काय टिपायचं हे आधी ठरवावं लागायचं. आणि ठरवताना सण निवडला जायचा, रोजचा दिवस नाही. खापरावर मांडे भाजणारी आजी मला एकाही फोटोत सापडली नाही. कापूस वेचणाऱ्या बाया नाहीत, केळीच्या बागेत पाणी भरणारे आजोबा नाहीत. आजोबा आहेत ते कोटात. लोकांना वाटायचं, कामातलं रूप काय दाखवायचं! आज तेच बघायला आपण तरसतो.

मुलींच्या फोटोंची वेगळीच कथा. लग्नाच्या वयाची मुलगी झाली की तिला स्टुडिओत नेऊन एक फोटो काढायचे, स्थळांना पाठवायला. फुलदाणीवर हात, नजर थोडी खाली. तो पाकिटातून जायचा आणि सगळ्याच ठिकाणांहून परत यायचा नाही. म्हणजे आमच्या कित्येक मावश्या-आत्यांचा तरुणपणीचा एकुलता एक एकटीचा फोटो कुठल्यातरी अनोळखी घराच्या ट्रंकेत पडलाय आणि तिथल्या लोकांना ती कोण हे माहीत असायचं कारण नाही. एरंडोलच्या एका बाईंनी मला असे तीन फोटो दिले. त्यांच्या सासऱ्यांच्या पेटीत निघाले; धाकट्या दिरासाठी आलेल्या स्थळांचे असावेत. मागे काही नाही. इथं मी माझाच नियम मोडलेला आहे: ते तिन्ही या पुस्तकात छापले आहेत, मजकुराची जागा रिकामी ठेवून. कोणी ओळखलं तर त्या घरी पोचवायचे आहेत.

फोटोकलेत खानदेशाला कमीपणा नाही. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२. इंग्लंडला कलाशिक्षण घेऊन ते चाळीसगावच्या घरी परतले आणि नंतरची जवळजवळ पन्नास वर्षं त्या घरातून क्वचितच बाहेर पडले. पंजाब मेलनं येते म्हणालेल्या प्रेयसीची ते रोज वाट पाहत, असं चाळीसगावात अजून सांगतात. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर उजेड पाडून, त्यांनी अशी दृश्यं उभी केली की बघणाऱ्याला ती बाहेरच्या जगातलीच वाटावीत. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. त्यांचं घर आता कलादालन आहे; जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक मुलाला तिथं एकदा न्यावं असं मला मनापासून वाटतं.

मूस यांच्या फोटोत जे आहे ते सगळं त्यांनी ठेवलेलं आहे, म्हणून ते मोठे. घरच्या फोटोचं उलटं असतं. त्यात मोलाचं तेच, जे फोटोग्राफरनं ठेवलेलं नाही. मधली माणसं सावरून बसलेली असतात. खरं घर कडांना असतं. कोपऱ्यातलं जातं, दोरीवरचं लुगडं, खिडकीतून डोकावणारी शेजारीण, भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. यावल तालुक्यातल्या एका घरात त्या दिवसांतला एक फोटो आहे. घरच्यांनी दाखवला तो पुढाऱ्यांसाठी. मला त्यात दिसले ते मागे बांबूच्या ताटीला टेकलेले चार शेतकरी, पैकी एकाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. त्या घरातल्या आजोबांनी मग सांगितलं, ते पोर मीच.

प्रती का काढायच्या, हेही खानदेशच्या वेशीवरच सापडतं. मेजर रॉबर्ट गिल याला कंपनी सरकारनं १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. जवळजवळ वीस वर्षं खपून त्यानं मोठमोठी तैलचित्रं रंगवली. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती टांगलेली असताना १८६६ च्या डिसेंबरात आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. पण गिलनं मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्याचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकरूपानं निघाले होते. पुस्तकाच्या प्रती घरोघर पांगल्या आणि पांगल्या म्हणून वाचल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. जपून जपून एकाच ठिकाणी ठेवलेलं एका रात्रीत जातं. आमच्याकडे आग लागावी लागत नाही, एक गळकं धाबं पुरतं.

आता जपणुकीबद्दल थोडं, कारण घरोघर हाच प्रश्न विचारला गेला. काळ्या-पांढऱ्या फोटोतली प्रतिमा चांदीची असते. धुताना हायपो हे रसायन नीट निघालं असेल तर फोटो शंभर वर्षं सहज टिकतो, आणि पिवळा पडत असेल तर बहुधा त्या धुण्यातच कसूर राहिलेली असते. रंगीत फोटो रंगद्रव्यांवर चालतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कागदातला निळसर रंग अंधारातसुद्धा उडतो, म्हणून आपल्या सगळ्यांच्या लग्नाच्या अल्बममधली माणसं तांबूस झालेली आहेत. भुसावळ-जळगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा हे काम आणखी लवकर उरकतो. तेव्हा दोन जिल्ह्यांत मिळून सगळ्यात आधी वाचवायचं काय, तर रंगीत फोटो. लोक मात्र काळे-पांढरे जपतात आणि रंगीत ‘कालचे’ म्हणून टाकून देतात.

चिकट पानांवर प्लास्टिक पसरून दाबायचे ते अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. त्यातून फोटो सहज निघत असतील तर काढून कागदी पाकिटात ठेवा. निघत नसतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट. बाहेरच्या भिंतीला लागून फोटो ठेवू नये, श्रावणात ओल तिथूनच येते. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठीक, फोटोंच्या डब्यात नकोत. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, फोटो पालथा घालून सपाट जागेवर, हलक्या हातानं; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. मोबाइलवरून फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं आणि त्यातली काढल्याची तारीखही पुसतं, म्हणून जपायचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि एक प्रत दुसऱ्या गावी. आमच्याकडे ते सोपं आहे: प्रत्येक खानदेशी घराचं अर्धं माणूस सुरतेला, नाशिकला नाहीतर पुण्याला असतंच.

काय लिहायचं, तर नाव, नातं, गाव, अंदाजे साल. बायकांची दोन नावं. हे मी अगदी हट्टानं सांगते. लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, आपल्याकडे पाळण्यातलं नावही बदलायची रीत होती. माहेरच्या फोटोत ती एक असते आणि सासरच्या फोटोत दुसरी, आणि नातवंडांना या दोघी एकच आहेत हे कळत नाही. बऱ्याच चौकटींच्या मागे तर ‘अमक्याचे कुटुंब’ एवढंच लिहिलेलं आढळलं. कुटुंब म्हणजे बायको. तिच्या नावासाठी आम्हाला कधीकधी तीन-तीन गावं फिरावी लागली, आणि ते मिळालं की घरातली म्हातारी माणसं ते नाव मोठ्यांदा म्हणून बघायची, सवय मोडलेली असल्यासारखी.

धुळ्यातल्या एका जुन्या स्टुडिओच्या मालकांनी दुकान बंद करताना काचेच्या निगेटिव्ह धुऊन त्यांच्या काचा विकल्या. मी पोचले तेव्हा कोपऱ्यात एक वही तेवढी शिल्लक होती: नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं गाव, किती प्रती, किती बाकी. त्या वहीतला प्रत्येक नंबर कोणाच्या तरी फोटोच्या पाठीवर आहे. मला त्यांचा राग आला नाही. चाळीस वर्षांत एकही माणूस त्या निगेटिव्ह मागायला आलं नव्हतं. मीही गेले नव्हते.

राहिली ती सतरंजीच्या बाहेरची मुलगी.

मोठी मावशी लग्न होऊन सुरतेला गेली. उधन्याच्या तिच्या घरी मी तो फोटो मोबाइलवर पाठवला होता. काही दिसत नाही माय, म्हणाली, नुसते ठिपके. मग मी कागदच घेऊन गेले. रविवार होता. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं चष्मा पुसला, खिडकीपाशी जाऊन बसली आणि फोटो दोन्ही हातांनी धरला, पोथी धरावी तसा. आधी आजोबांच्या पायांवर बोट ठेवून तेच बोट कपाळाला लावलं. मग एकेकाला हाका मारल्यासारखी नावं घेत उजवीकडे सरकली. कडेला आली आणि थांबली.

“फराक मना शे,” ती म्हणाली. “पन ती पोर मी नही.”

दिवाळीला ताग्यातून सगळ्यांना शिवले तेव्हा तिलाही तो फ्रॉक शिवला होता. आखाजीपर्यंत ती उंच झाली, आजीनं तिला परकर-पोलकं घातलं आणि फ्रॉक देऊन टाकला. मागच्या रांगेत परकर-पोलक्यातली ती हीच, आमच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं उभी होती, आणि चौकडीत एक तीच कशी नाही असा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. फ्रॉक गेला होता सालदाराच्या मुलीला. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं. त्या दिवशी सकाळीच ते कुटुंब भांडीकुंडी घेऊन आलं होतं. फोटोवाला आला, घरची सगळी बसली, मुलगी बघत उभी होती, आणि आजी म्हणाली, ये गं, तूही राहा उभी. ती आली. सतरंजीवर ये, असं तिला कोणी म्हटलं नाही.

“आन् हालनार नही तं काय,” मावशी म्हणाली. “पाय देख तिना.”

मी त्या फोटोतल्या चेहऱ्याकडे वर्षभर बघत होते. भिंगातून, स्कॅन मोठा करून, उजेड कमी-जास्त करून. पाय पाहिले नव्हते. निंबाची सावली सतरंजीच्या कडेला संपते. तिच्यापुढे लख्ख ऊन आहे, आखाजीचं, दुपार कलतानाचं. बाकीचे सावलीत, सतरंजीवर. तिच्या पायांत काही नाही. उजवा पाय जमिनीला टेकलेला आहे आणि डावा थोडा वर उचललेला, बोटं मुडपलेली.

मावशीनं तिचं नाव सांगितलं. सगळं नाव नाही, हाक मारायचं तेवढं. वर्षभर दोघी बरोबर विहिरीवर जायच्या. पुढच्या आखाजीला सालदारानं साल धरलं ते चोपड्याकडच्या कुठल्याशा गावात, गावाचं नाव मावशीला आठवेना. मी तिथंच, तिच्या पोळपाटावर फोटो पालथा घालून, पेन्सिलीनं लिहिलं: नाव, मावशीचा फ्रॉक, आखाजी १९६३, पायांत काही नव्हतं. मावशीनं मला परत वाचायला लावलं.

या फोटोच्या मी चार प्रती काढल्या. एक आईकडे, एक मामाकडे, एक सुरतेला. चौथी वेगळ्या पाकिटात आहे. त्यावर तिचं नाव घातलंय. पत्त्याची जागा अजून कोरी आहे.